सेंडर, रिसीव्हर आणि खडीसाखर

…आणि वर आमची पोरगी वेनिंग मलाच विचारते, "बापाक, तुम्ही बोललात का नाही?"

आता काय बोलायचं होतं मी? तुम्हाला सांगतो, आम्ही सोलो शहरातली माणसं, सगळ्या जावा बेटात मुकाट म्हणून आमची ख्याती. व्याही पहिल्यांदा भेटला की हसायचं, मान खाली घालायची, चहा पुढे सरकवायचा, झालं! लगेच हो म्हटलं तर मुलगी घरात जड झाली होती असं दिसतं, प्रश्न विचारले तर संशय घेतल्यासारखं दिसतं. म्हणून मी आणि आमची बू, म्हणजे माझी बायको लास्मिनी हो, फोनच्या त्या एवढ्याशा पडद्यासमोर नवे बाटिकचे कपडे घालून बसलो आणि अख्खा फोनभर हसलो. गाल दुखले हसून! पलीकडे स्कॉटलंडात आमच्या वेनिंगचा होणारा सासरा, मिस्टर गिल्मर. तो विचारतोय, तुम्हाला काही विचारायचंय का? आम्ही हसलो. तुम्ही खूश आहात ना? आम्ही आणखी हसलो. त्यानं फोन ठेवला आणि आमच्या पोरीला सांगितलं, "तुझ्या आईबापांचा ह्या लग्नाला विरोध आहे. ते मनापासून हो म्हणाल्याशिवाय मी ह्यात पडणार नाही."

विरोध! एवढं हसून विरोध! आणि गंमत ऐका, हा गिल्मर जन्मभर करत काय होता? टेलिपथीचं संशोधन! एकाच्या मनातलं दुसऱ्याला न बोलता कळतं का, ते तपासायचं, विद्यापीठात बसून, पगार घेऊन! आणि त्या माणसाला आमच्या मनातलं… आता ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

वेनिंग तिकडून फोनवर रडकुंडीला आली. म्हणाली, ते स्वतः सोलोला येताहेत तुम्हाला भेटायला, बापाक, तुम्ही त्यांच्याशी बोला, त्यांच्या विषयावर बोला, त्यांना दुसरं काही सुचतच नाही. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, लग्न तिकडेच करू, ऑफिसात सही करून, साधंसं, तुम्हाला दगदग नको. मी म्हटलं, बरं. पटकन म्हटलं! पुन्हा गप्प बसून घोटाळा कोण करणार?

तर लागलो मी इंग्रजीच्या क्लासला. ह्या वयात! फोटोकॉपीच्या दुकानावर माडी आहे, तिथे टिटिकबाई शिकवतात. वर्गात सगळी विशीतली पोरं, क्रूझ बोटीवर वेटर व्हायला निघालेली. "सर, तुम्हाला सूप हवं का सॅलड?" एवढं त्यांचं इंग्रजी, पण ते असं खणखणीत की आपल्याला भूकच लागावी. आमच्याकडे वडीलधाऱ्याला पाक म्हणतात. बाईंनी मला विचारलं, "पाक सुविग्न्यो, तुम्हाला कशासाठी इंग्रजी हवंय?" मी म्हटलं, टेलिपथीच्या शास्त्रीय संशोधनावर चर्चा करायला. वर्गात अशी शांतता पसरली की सगळ्यांच्या मनातलं मला न बोलता कळलं.

पण बाई जिद्दीच्या. त्यांनी रात्रीतून शब्द गोळा केले आणि सकाळी फळ्यावर पहिले दोन लिहिले. सेंडर. रिसीव्हर.

अहो, मी उडालोच! सेंडर, रिसीव्हर! आयुष्य गेलं माझं पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर! पाठवणारा कोण, घेणारा कोण, एवढंच तर विचारत आलो मी लोकांना. म्हणजे टेलिपथी टेलिपथी म्हणून ज्याचा एवढा बाऊ करतात ते बिनतिकिटाचं टपाल की हो! मी हात वर केला, म्हटलं, बाई, पत्ता चुकला तर काय होतं? दुसऱ्याच्याच डोक्यात जाऊन पडतं का? रजिस्टर करता येतं का? पोच मिळते का? बाई म्हणाल्या, "बसा, पाक." पण मी बसतोय कसला! झोपेतसुद्धा शब्द म्हणायला लागलो.

एकेक शब्द तरी काय! 'चान्स.' मला वाटलं संधी. तर इथे म्हणे चान्स म्हणजे योगायोग, नुसता लागलेला नेम. 'डबल ब्लाइंड' म्हणजे अशी चाचणी की जिच्यात विचारणाऱ्यालाही माहीत नाही आणि सांगणाऱ्यालाही माहीत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमचं लग्न. 'कंट्रोल' बाई समजावून सांगायला लागल्या, तर मी म्हटलं, राहू द्या, तो आमच्या घरी बूच्या हातात आहे. आणि 'स्केप्टिक', शंका घेणारा माणूस. हा शब्द काही केल्या माझ्या जिभेवर बसेना. दर वेळी 'सेप्टिक' म्हणायचो. मी सेप्टिक नाही, माझी बायको थोडी सेप्टिक आहे. पोरं बाकाखाली जाऊन हसायची. पण त्यांनाही नाद लागला बरं का! एक पोरगी ट्रे हातात धरून सराव करत होती, "सर, तुम्हाला सूप हवं का हायपॉथेसिस?"

मग बाई म्हणाल्या, शब्द झाले, आता एखादा अनुभव सांगा. आता आमच्याकडे काय अनुभवांना तोटा आहे? पोर परगावी आजारी पडलं की आईच्या हातून पेला निसटतो, हे आम्ही धरूनच चालतो, त्यावर कुणी संशोधन करत नाही. पण मी माझा स्वतःचा सांगितला. म्हटलं, बाई, आमच्या सोलोत चहा कसा? गरम, दाट आणि खडीसाखर घालून गोडमिट्ट. लग्नापासून मी तस्साच पीत आलो. आणि एक दिवस अचानक बूनं बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. मी विचारलं, साखर? ती म्हणाली, "असाच घ्या." कारण नाही, काही नाही. का बरं? तर तिला आतून कळलं की माझ्या रक्तात साखर वाढतेय! ना डॉक्टर, ना तपासणी! सेंडर माझं रक्त, रिसीव्हर माझी बायको! सांगता सांगता मी चष्मा काढून पुसला हो. ह्या वयातही बायकोचं एवढं लक्ष… आता ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

बाई म्हणाल्या, "ह्याला अ‍ॅनेक्डोट म्हणायचं, पाक. किस्सा. एव्हिडन्स नाही. एव्हिडन्स म्हणजे पुरावा." मी म्हटलं, रोज पितोय की पुरावा! एवढा कडू पुरावा पाहिलाय का कुठे?

आणि आला तो दिवस. वेनिंग आली, तिचा तो लाजाळू नवरदेव कॅलम आला, आणि मागून वाकून दारातून शिरला गिल्मर. खजुराच्या झाडासारखा उंच. बसला. बूनं चहा आणला, पाहुण्यांना गोड, मला बिनसाखरेचा. वेनिंग माझ्याकडे बघतेय, डोळ्यांत नुसतं, बापाक, बोला. आणि तुम्हाला सांगतो, मी जो सुटलो! सेंडर काय, रिसीव्हर काय, चान्स काय, कंट्रोल काय, आय अ‍ॅम नॉट सेप्टिक काय, पोस्टाची पार्सलं, मनाची पार्सलं, रजिस्टर, पोच, पत्ता अपुरा, श्वास म्हणून घेतला नाही! गिल्मर आधी दचकला, मग पुढे सरकला, मग मांडीवर थापा मारायला लागला. म्हणाला, एवढी वर्षं ह्या विषयात काढली पण टपालाची बाजू कुणी मांडलीच नव्हती. वेनिंगचा चेहरा असा खुलला, असा खुलला… मला वाटलं, जिंकलो! मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. चहाचा किस्सा. सगळा सांगितला, चष्मा पुसण्यासकट.

आणि त्या माणसानं मांडीवरच्या थापा थांबवल्या. संशोधक ना शेवटी. म्हणतो, साखर तपासलीत? मी म्हटलं, हो, नंतर तपासली. वाढली होती? म्हटलं, नाही. अजिबातच नाही? म्हटलं, अजिबातच नाही. मग बिनसाखरेचा चहा कधीपासून सुरू झाला? मी आठवलं. म्हटलं, तुमचा तो फोन झाला ना, आणि लग्न तिकडे ऑफिसात करायचं म्हणून मी बरं म्हटलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून…

वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं.

गिल्मरनं कप खाली ठेवला. बूकडे वळला. वेनिंगला म्हणाला, "आईंना विचार, त्यांनी काय पाठवलं होतं."

बू म्हणाली, काही नाही. ट्रेवरचा रुमाल सारखा करत बसली. वेनिंगनं पुन्हा विचारलं, जवळ जाऊन, खाली बसून. बू रुमालाकडे बघतच म्हणाली, "काही नाही गं. मला आपलं वाटलं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी फुलांच्या पाण्यानं तुला न्हाऊ घालीन. सगळ्यांच्या आया घालतात. पण असू दे. तिकडे पाणी फार गार असेल, नाही?"

काय सांगू तुम्हाला! वेनिंगनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं. कॅलमला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी त्याचे डोळे भरले, त्याला कुठला एव्हिडन्स मिळाला देव जाणे. गिल्मरनं वेनिंगकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, लग्न इथेच, ह्याच घरात, आणि पाणी कोमट. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "मिस्टर सुविग्न्यो, एवढ्या वर्षांत मी ह्याहून स्पष्ट सिग्नल पाहिला नाही. रोज दोनदा पाठवला जात होता. बिघाड रिसीव्हरमध्ये आहे."

झालं लग्न. थाटात झालं! सात विहिरींचं पाणी आणलं, जाई, गुलाब, चाफा, बूनं पोरीच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला तेव्हा ती हसत होती, डोळे पुसत होता तो बाजूला उभा राहिलेला गिल्मर. आणि त्या दिवसापासून मला चहा कसा? गोडमिट्ट! पेल्यात खडीसाखरेचे खडे वाजायचे! वेनिंग सासरी गेली, मी क्लासला जातोच आहे, पोरं बोटीवर लागली, त्यातल्या एकीनं कळवलंय की कप्तानाला टेलिपथीवर बोलायला फार आवडतं. सगळं कसं छान चाललं होतं.

परवा सकाळी चहा आला. बिनसाखरेचा.

मी म्हटलं, बू, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. आता मी काही पहिल्यासारखा अडाणी राहिलेलो नाही, सगळे शब्द येतात मला! बसलो शोधायला. मी काय बोललो? काय बोललो नाही? कशाला बरं म्हटलं? कुंडीला पाणी घातलं नाही? घातलं. तिच्या बहिणीला जाड म्हणालो? मनात म्हणालो होतो, पण ते… ते पोचलं की काय? आता ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं? गिल्मरला फोन केला, तर तो हसून म्हणतो, प्रयोग पुन्हा करून पाहा, एकदा झालेल्या गोष्टीला शास्त्रात किंमत नसते.

म्हणून आज पुन्हा प्यायलो. उद्याही पिणार आहे. काय करणार? पोस्टात असतो तर सरळ शिक्का मारून मोकळा झालो असतो, मजकूर कळत नाही, पाठवणाऱ्याला परत. पण पाठवणारी समोरच बसलीय, भाजी निवडतेय… आणि म्हणतेय, मी कुठे काय पाठवलंय?