कडुनिंबाखालची कबर

लासूर स्टेशनच्या बाकावर सुनंदा कुरकुरत्या बाळाला थोपटत होती. शेजारी एक मुलगी अनोळखी म्हाताऱ्याशी बोलत होती.

“खानदान शोधायला पैसे कुठायत, चाचा? गावोगावच्या म्हाताऱ्यांना चहा पाजते नि विचारते.”

“मंग माझा चहा कुठंय?”

“पाजते की. आज तर माझ्या आजोबांची, दादाजानची कबर सापडली. इथल्याच कब्रस्तानात, कडुनिंबाखाली.”

“कोपऱ्यातली? नक्की?”

“राखणदारानंच दाखवली. वर ताजी फुलंसुद्धा होती.”

“फुलं माझीच ती. निजामाच्या वक्ताला, पोलीस ॲक्शनमधी अब्बा गेले, कुठं पुरले ठाऊक नाय. ही कबर बेवारस दिसली, तिलाच अब्बा म्हणत दर शुक्रवारी, जुम्म्याला फुलं वाहत आलो.”

“चाचा…”

“तुझे दादाजान तुला मिळाले, लई चांगलं झालं. पण बेटी, आता जुम्म्याला मी कुठं जाऊ?”