एकच पान

बसथांब्यावर माझ्या पुढ्यात दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरली हसू दाबत होती.

"ताई, मुलाखतीचं काय झालं?"

"घेतलं मला! दुष्काळाचा अहवाल लिहायला सल्लागार!"

"मग अशी खिदळतेस काय?"

"अगं, माझं पेन पडलं. उचलायला वाकले, तर टेबलाच्या पायाखाली माझाच मागच्या दुष्काळातला अहवाल!"

"अगंबाई! बोललीस का?"

"बोलले की! साहेब म्हणाले, 'फार उपयोगी पडला हो. तेव्हापासून टेबल जरा म्हणून हललं नाही.'"

"आणि तरी हो म्हणालीस?"

"म्हणाले. पण यंदा एकच पान लिहिणार. विहिरी आटायच्या आधी काय करायचं, तेवढंच. बघतेच आता कशाखाली घालतात!"

"ताई, घड्या घालून सरकवतील गं!"