झाकणाचा मालक

परवा रनाळे गावात हरलो बघा, तेही एका झाकणापुढे. समाजाच्या हॉलमधली लग्नाची भांडी बुक करायला मी वेबसाइट बनवतोय. डेटाबेसमध्ये प्रत्येक भांड्याच्या मालकाचे दोन रकाने ठेवलेत, एक समाजाचा, एक घराचा. दोन्हींपैकी एकच भरायचा, नाहीतर नोंदच होत नाही. या नियमावर मी फार खूश होतो.

भांडी दाखवायला समाजातले जुने तुळशीरामआबा बसले होते. मोठ्या पातेल्यापाशी आलो.

"आबा, हे समाजाचं की कोणाच्या घरचं?"

"दोन्हीसनं शे. पातेलं समाजनं, झाकण मन्हं. ते मन्हा घर ऱ्हास."

"मग तुमच्या घरी राहणाऱ्या झाकणाची वेगळी नोंद करतो. ज्याला हवं तो मोबाइलवरच बुक करेल."

"नको. घर येवाले पाहिजे."

आता मी वैतागलो. "आबा, एवढंसं झाकण, समाजाला देऊन टाका ना. माझा घोळ मिटेल."



"झाकण मांगाले जो येस, तो लगीननी पत्रिका लई येस. समाजले दी टाकं, ते माले लगीनले कोन बलाई?"

त्या पातेल्यापुरता नियम काढून मी दोन्ही रकाने भरलेत.