मार्लीसबाईंच्या हातावरची जखम

नाव : शामला श्यामकांत देवस्थळी. वय : ६६ वर्षे. व्यवसाय : निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा. सध्या मुक्काम : मुलगा आशुतोष याच्या घरी, न्यूनेन, नेदरलँड्स. जबाब मराठीत, दुभाष्यासमोर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, आशुतोष, सून संपदा आणि सहा वर्षांची नात शिवांगी यांच्याकडे मी दसऱ्यानंतर राहायला आले. शेजारच्या मार्लीसबाई विधवा आहेत. त्या विक्का हा निसर्गपूजेचा धर्म पाळतात. शिवाय कोणाला घरात भुताचा भास झाला तर यंत्रं घेऊन तपासायला जातात. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना चेटकीण म्हणतात. जन्मभर विज्ञान शिकवलेली मीही तसंच म्हणत होते.

मी आल्यावर काही दिवसांतच शिवांगीला उशाशी कोणी उभं असल्याचं दिसू लागलं. डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. तिची खोली माळ्यावर आहे आणि भिंतीपलीकडे हीटिंगचा बॉयलर. संपदाने कुंपणावरून मार्लीसबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलीला त्या खोलीत झोपवू नका. मला आत येऊन मोजू द्या."

आशुतोष भडकला. "आई, सरळ धमकी देतेय ही बाई!" मलाही ती धमकीच वाटली. बाईंच्या अंगणातल्या धुनीच्या धुरातून करणी घरात येते, असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलं. तेव्हा आशुतोषने खिडकीवरची हवेची फट चिकटपट्टीने बंद केली. पट्ट्या मी कापून देत होते.

३१ ऑक्टोबरला, म्हणजे मार्लीसबाईंच्या धर्मातल्या पितरांच्या सणाला, दुपारी मी आजारी शिवांगीपाशी वर बसले होते. खाली त्यांनी आपल्या अंगणात नवऱ्याच्या नावाने ताट वाढून दिवा लावलेला दिसला. पितृपक्षात मी आमच्या यांच्यासाठी पान वाढते, तसंच ते होतं. तरी मला त्याची भीती वाटली.

थोड्या वेळाने त्या आमच्या दारात आल्या. हातात एक लहान यंत्र होतं. बेल वाजत राहिली. मी खिडकीतून "जा, जा" असा हात केला आणि पायातलं बळ गेलं. मी खाली घसरले ते त्यांनी पाहिलं असणार. काच फुटल्याचा आवाज आला. त्या वर आल्या आणि शिवांगीला उचललं. मला वाटलं, नेली. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तसंच तिला खाली नेलं, मग माझ्यासाठी परत आल्या.

दवाखान्यात आमच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. रंग नाही, वास नाही, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मार्लीसबाई भूत शोधायला गेल्या की सगळ्यात आधी हाच वायू मोजतात, कारण त्याने भास होतात, हे मला दवाखान्यात संपदाने सांगितलं.

आशुतोषने तक्रार दिली आहे की, भूत शोधण्याच्या निमित्ताने बाई आधीच घरात शिरल्या, बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप सैल केला आणि त्यांच्या सणाच्या दिवशी मूल न्यायला आल्या. हे खोटं आहे. त्या दिवसापूर्वी त्या आमच्या घरात एकदाही आल्या नाहीत. त्यांना उंबऱ्याच्या आत आम्हीच घेतलं नाही. मी आले तेव्हा माझ्या बॅगा माळ्यावर बॉयलरजवळच्या फळीवर रचताना आशुतोषचा त्याच पाइपला धक्का लागला होता. कट्ट असा आवाज झाला. मी शिडी धरून उभी होते. "काही नाही गं," तो म्हणाला. पोटचा मुलगा आहे. हे सांगताना जीव तुटतो, पण घडलं ते असं.

काल मार्लीसबाईंच्या खिडकीवर दगड पडला. आज संध्याकाळी सगळ्यांनी त्यांच्या दारात जमायचं, असं ग्रुपवर ठरलं आहे. आशुतोष पुढे असेल. शिवांगी अजून दवाखान्यात आहे, त्यामुळे त्याची कीव येऊन कोणी त्याला आवरत नाही. मला फार भीती वाटते. साहेब, कोणीतरी आधी तिथे पोचा.

तक्रारीत बाईंच्या हातावरच्या जखमेला 'मुलीने केलेला प्रतिकार' म्हटलं आहे. शिवांगी बेशुद्ध होती. ते दात माझे आहेत.

वरील मजकूर दुभाष्याने मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे. हा जबाब मुलाला कळू देऊ नका, असं मी आल्या आल्या म्हटलं होतं. ते खोडून टाका.

सही : शामला श्यामकांत देवस्थळी