सगळ्यांचा एक जून

जाफराबादच्या जत्रेतल्या लाकडी पाळण्याची करकर मला अजून ऐकू येते. आमचं नवीन लग्न होतं. ही पाळण्यात बसायला निघाली आणि माझ्या आईनं हात धरून तिला मागं ओढलं. मग ते राहूनच गेलं.

म्हणून परवा गावातल्या आम्हा म्हाताऱ्यांची जीप थीम पार्कला निघाली, तेव्हा ही सगळ्यांत आधी जाऊन बसली. "आधार कार्ड घेतलं का बराबर?" असं वाटेत सारखं विचारत होती, कारण कार्ड दाखवलं की म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट होतं.

गेटवरच्या मुलीनं कार्डं पाहिली आणि आम्हाला थांबवलं. "साल वेगळं, पण सगळ्यांचा जन्म एक जूनचा? ही कार्डं खोटी दिसतात."

मी म्हणालो, "आईबापाला तारीख ठाऊक न्हाई, मंग गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांना एक जून लावून दिली."

"नवराबायकोची पण एकच?"

"एकच. वाढदिवसाचा खर्चा वाचतो," ही म्हणाली. पण डोळे आतल्या मोठ्या पाळण्यावर होते, पाय एका जागी ठरत नव्हते. "जल्दी कर गं माय, तो बंद होऊन जाईल."

मुलीनं मॅनेजरला बोलावलं. पिकल्या मिशांचे साहेब आले. एकेक कार्ड पाहत म्हणाले, "गाव कोणतं?"

"हसनाबाद."

साहेबांनी कार्डं पुन्हा चाळली. मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, तुमचा केक पण आपण एक जूनलाच कापला होता ना?"

साहेबांनी गेटची साखळी काढली, कार्डं हिच्या हातात ठेवली आणि निघून गेले.