परसातली सूर्यफुलं

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर मुळांसकट उपटलेली सूर्यफुलं.

"सगळ्या बहिणींना फोटो पाठवले हो मी! म्हटलं, बघा, उशिरा का होईना, ह्यांनी माझ्यासाठी फुलं लावली."

"तुझ्यासाठी असं मी कधी म्हटलं?"

"नाही असं तरी कुठे म्हणालात?"

"अगं, तेलविहिरीचं सांडपाणी मुरून परसात शिसं उतरलंय. नातीला मातीत खेळायचंय ना? आम्ही पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर पाण्यातलं शिसं काढतो, तसं ही झाडं मातीतलं ओढून घेतात."

"आणि रोज सकाळी त्यांच्याशी गप्पा मारायचात, त्या?"

"गप्पा कसल्या! जोर लावा रे, एवढंच म्हणायचो."

"माझ्याशी तेवढंही बोलत नाही."

"तुला कुठे शिसं ओढायचंय?"

"तुम्हाला ओढतेय तेच पुष्कळ आहे."

खिडकीतून तपासनीस बाई म्हणाल्या, "सूर्यफूलवाले, आणा इकडे. अहो, ह्या एका झाडाचं फूल कुठंय?"

"होतं की! कुणी खुडलं?"

"मी. आरशापाशी ठेवलंय, पेल्यात. शिसं असू दे नाहीतर सोनं, माझं आहे ते."

"पेल्यात पाणी घातलंस?"

"मग काय, कोरडं ठेवू?"

"ते पाणी मोरीत ओतू नकोस हं. मी प्लांटवर नेऊन स्वच्छ करून आणतो."

"माझ्या फुलाचं पाणी?"

"हो."

"थांबा. हे आधी बहिणींना कळवते."