साठ डबे आणि एक होकायंत्र

हॅलो? …हं, बोल दादा. …नाही रे, तास संपला. प्रयोगशाळेत एकटीच आहे, काचपात्रं धुतेय. …म्हणजे उद्या सकाळी नक्की?

वा! आनंद आहे.

चिडले कुठे? बेचाळिसाव्या वर्षी शिंप्याला दर्यावर्दी व्हायचंय, हो बाबा! …शीड स्वतः शिवलंस, माहितीये. दोन वर्षं तेच ऐकतेय. खिसेही लावले असशील त्याला.

…अरे पण होडी केवढी! वर छप्पर नाही, बारा दिवस, बेटापर्यंत सहाशे किलोमीटर. टोपलीला शीड लावून निघालायस तू. …आणि मोबाइल घरी ठेवणार? …जुन्या खलाशांसारखं. हो, हो… त्यातले परत किती आले, तेही वाच कधीतरी.

उलटीच्या गोळ्या घेतल्यास? …लागणार नाहीत? तुला? बसमध्ये पिशवी तोंडाशी धरून बसतोस!

…बरं, ऐकतेय. पाणी? …साठ लिटर, दिवसाला पाच. निदान भागाकार येतो. जेवण? …साठ डबे. सीलबंद. वहिनीने चिठ्ठ्या डकवल्या? म्हणजे तीही तुझ्याच नादाला लागली.

…मधोमध रचलेत, तोल राहावा म्हणून. शाबास. आणि होकायंत्र?

…कुठे?

…डब्यांवर? टेबलासारखं?

थांब. दादा, थांब जरा. डबे पत्र्याचे ना? …अरे, तो पत्रा लोखंडाचाच. वरची चमक तेवढी कथिलाची.

…नाही, चेष्टा नाही करत. होडीतच आहेस ना आत्ता? समोरचा दीपस्तंभ धर. किती अंश? …चौऱ्याऐंशी. लक्षात ठेव. आता होकायंत्र घेऊन धक्क्यावर चढ. लांब जा डब्यांपासून. आणि खिशातली कात्री काढ. …मला कसं कळलं? झोपेतही असते ती तुझ्याजवळ! फोन खाली ठेव, स्पीकरवर. चार पावलं लांब हो, त्यातही चुंबक असतं. …ओरडून सांग, येतंय ऐकू.

किती?

…पुन्हा बघ.

…पंच्याण्णव.

दादा, ये आता फोनजवळ.

अकरा अंश चुकतंय ते. …‘थोडंसंच’? सहाशे किलोमीटरवर एकशे सतरा किलोमीटर होतात त्याचे! बेट केवढं आहे? …चार किलोमीटर. बेट एकीकडे, आणि तू शंभर किलोमीटर बाजूने चाललायस, मजेत डबे फोडत. शिवाय रोज पाच डबे कमी होणार, म्हणजे चूकही रोज वेगळी! जेवशील तशी दिशा फिरेल. असा खलाशी आधी झाला नसेल, पुढे होणार नाही.

…वहिनीला नको सांगू? …बरं, नाही सांगत.

…काय?

…जाऊ नको का, हे मला विचारतोयस?

‘जाऊ नको’ म्हणायला मला एक सेकंद लागणार नाही, दादा. म्हणून मला विचारू नकोस.

डबे हलव. सगळे पार पुढच्या टोकाला. पाण्याचे कॅन मागे, तोल सांभाळ. होकायंत्राजवळ लोखंडाची टाचणीसुद्धा नको. मग पुन्हा दोन्हीकडून आकडा घे. जुळला तर जा.

…जुळला, असं तू सांगणार आणि मी मानणार? सुईत दोरा ओवायला वहिनी लागते तुला! साडेपाचच्या बसने येतेय मी. …निरोप द्यायला नाही, सांगितलंय ना आधीच. आकडा बघायला. मी बघेपर्यंत दोर सोडायचा नाही, कळलं?

…आता काय? …उलटीच्या गोळ्या? आता आठवल्या! …नको, दुकानं शोधत फिरू नकोस. डबे हलव. गोळ्या आहेत माझ्या पर्समध्ये.

…गेल्या सोमवारी घेतल्यात.

…कुणासाठी म्हणजे काय? ठेव फोन!